प्रेझेंट परफेक्ट केव्हा आणि कसा वापरावा : अभ्यासपुस्तिकेच्या कामाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

मराठी माध्यमातून शिकलेल्या प्रौढ विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीतील एकाच काळावर स्वतंत्र अभ्यासपुस्तिका तयार करण्याचे काम आज सुरू केले. त्यासाठी प्रेझेंट परफेक्ट हा काळ निवडला आहे. ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ आणि त्यापुढे क्रियापदाचे तिसरे रूप, ही त्याची रचना शाळेत शिकलेल्या बहुतेकांना पाठ असते. नकारार्थी वाक्यात ‘नॉट’ कुठे घालायचे आणि प्रश्न करताना ‘हॅव’ पुढे कसे आणायचे, हेही अनेकांना येते. प्रत्यक्ष बोलताना किंवा पत्र लिहिताना हा काळ घ्यावा की सिम्पल पास्ट (साधा भूतकाळ) घ्यावा, असा प्रश्न पडला की मात्र तीच माणसे थबकतात आणि मग अंदाजाने एक रूप निवडतात. म्हणून रचनेला पुस्तिकेत मोजकी पाने द्यायची आणि बाकी सर्व जागा ‘केव्हा’ या प्रश्नाला द्यायची, असे ठरवले.

पहिलाच निर्णय असा की, ‘नुकतीच पूर्ण झालेली क्रिया दाखवण्यासाठी प्रेझेंट परफेक्ट वापरतात’ हे पाठ्यपुस्तकी वाक्य पुस्तिकेत नियम म्हणून येणार नाही. त्यात काही अंशी तथ्य आहे, कारण ‘जस्ट’ हा शब्द घेऊन हा काळ खरोखरच ताज्या घटनेसाठी वापरला जातो. पण ताजेपणा ही या काळाची कसोटी नाही, हे दोन वाक्ये शेजारी ठेवली की लगेच दिसते. ‘आय सॉ हिम टू मिनिट्स अगो’ या वाक्यातील घटना अवघ्या दोन मिनिटांपूर्वीची आहे, तरी तिथे सिम्पल पास्टच लागतो. उलट ‘ट्वेल्व्ह पीपल हॅव वॉक्ड ऑन द मून’ हे वाक्य निर्दोष आहे, आणि चंद्रावर शेवटचे पाऊल पडले ते डिसेंबर १९७२ मध्ये, म्हणजे अर्ध्या शतकापूर्वी. दोन मिनिटांपूर्वीच्या घटनेला जो काळ चालत नाही आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या घटनेला चालतो, त्याची ओळख ‘नुकतीच’ या शब्दाने करून देणे म्हणजे विद्यार्थ्याला पहिल्याच पानावर चुकीच्या वाटेला लावणे होय.

९ जानेवारी २०२५

कसोटी ताजेपणाची नसेल तर कशाची, हे आज लिहून काढले. हान्स रायखेनबाख या तत्त्वज्ञाने १९४७ मध्ये काळांची जी मांडणी केली, ती इथे फार उपयोगी पडते. कोणत्याही वाक्यात तीन क्षण असतात असे ती मांडणी सांगते : क्रिया घडल्याचा क्षण, बोलण्याचा क्षण आणि तिसरा संदर्भाचा क्षण, म्हणजे बोलणारा ज्या ठिकाणी उभा राहून क्रियेकडे पाहतो तो. सिम्पल पास्टमध्ये बोलणारा मनाने क्रियेजवळ जाऊन उभा राहतो. क्रिया आणि संदर्भ दोन्ही एकत्र, आणि दोन्ही बोलण्याच्या आधी. प्रेझेंट परफेक्टमध्ये क्रिया आधीच घडून गेलेली असते, पण बोलणारा वर्तमानातून हललेला नसतो. तो आज जिथे आहे तिथूनच मागे पाहतो. पास्ट परफेक्टमध्ये, म्हणजे ‘हॅड’ आणि क्रियापदाचे तिसरे रूप असलेल्या काळात, तिन्ही क्षण वेगळे होतात.

ही परिभाषा विद्यार्थ्यापुढे जशीच्या तशी ठेवण्याची गरज नाही. तिच्यातून निघणारा प्रश्न मात्र पुस्तिकेचा कणा ठरेल : हे वाक्य ज्या काळखंडाविषयी बोलते, तो काळखंड संपलेला आहे की या क्षणापर्यंत येऊन पोहोचलेला आहे? संपलेला असेल तर सिम्पल पास्ट, आणि आतापर्यंत आलेला असेल तर प्रेझेंट परफेक्ट.

चंद्राचेच उदाहरण पुढे नेता येते, आणि ते मला फार मोलाचे वाटते. बारा माणसे चंद्रावर चालली, हे विधान माणसाच्या आजवरच्या इतिहासाविषयी आहे. तो इतिहास चालू आहे, उद्या तेरावा माणूस तिथे उतरू शकतो, म्हणून ‘हॅव वॉक्ड’. नील आर्मस्ट्राँगविषयी मात्र आज ‘आर्मस्ट्राँग हॅज वॉक्ड ऑन द मून’ असे कोणी सहसा म्हणणार नाही, कारण ऑगस्ट २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या आयुष्याचा काळखंड बंद झाला. तिथे ‘वॉक्ड’ हेच रूप येते. म्हणजे जुलै १९६९ मधली तीच एक घटना मानवजातीच्या हिशेबात मोजली तर प्रेझेंट परफेक्टमध्ये बसते आणि एका दिवंगत व्यक्तीच्या आयुष्यात मोजली तर सिम्पल पास्टमध्ये जाते. क्रिया बदललेली नाही, फक्त ती ज्या काळखंडात ठेवून पाहिली तो बदलला. हयात लेखिकेविषयी ‘शी हॅज रिटन टेन नॉव्हेल्स’ आणि दिवंगत लेखिकेविषयी ‘शी रोट टेन नॉव्हेल्स’, हा फरकही याच तत्त्वाने उलगडतो.

१४ जानेवारी २०२५

आजचे काम सर्वांत महत्त्वाचे होते : मराठी बोलणाऱ्याची चूक नेमकी कुठे आणि का होते, हे शोधणे.

मराठीतही पूर्ण वर्तमानकाळ आहे. ‘मी पत्र लिहिले आहे’ आणि ‘आय हॅव रिटन अ लेटर’ ही वाक्ये रचनेने इतकी जवळची दिसतात की, दोन्हींचा वापरही सारखाच असेल असे विद्यार्थी गृहीत धरतो, आणि शिक्षकही अनेकदा तसेच सांगतात. अडचण सुरू होते ती तिथूनच. मराठी पूर्ण वर्तमानकाळाला भूतकाळातील निश्चित वेळ अजिबात खटकत नाही. ‘मी कालच पैसे भरले आहेत’ हे वाक्य कोणत्याही मराठी माणसाच्या तोंडी सहज येईल. कार्यालयीन पत्रव्यवहारात तर ‘आपला अर्ज दिनांक ३ रोजी या कार्यालयास प्राप्त झाला आहे’ ही ठरलेली शैलीच आहे. त्या वाक्यात तारीख आहे, ‘झाला आहे’ आहे, आणि वाक्य पूर्णपणे शुद्ध आहे. हीच सवय इंग्रजीत उतरली की ‘आय हॅव पेड द मनी यस्टरडे’ आणि ‘युअर ॲप्लिकेशन हॅज बीन रिसीव्ह्ड ऑन द थर्ड’ अशी वाक्ये तयार होतात. प्रमाण इंग्रजीत ती चालत नाहीत, कारण ‘यस्टरडे’ म्हटल्याबरोबर काळखंड बंद होतो आणि ‘हॅव’ तर तो उघडा असल्याचे सांगत असते. एकाच वाक्यात दोन्ही गोष्टी नांदू शकत नाहीत.

इथे विद्यार्थ्याला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, ती म्हणजे मराठीची ही पद्धत विचित्र नाही. जर्मन आणि फ्रेंच या युरोपीय भाषांतही ‘हॅव’सारख्या सहायक क्रियापदाने बनलेला असाच काळ आहे, आणि त्या दोन्ही भाषांत तो ‘काल’ या अर्थाच्या शब्दाबरोबर बिनदिक्कत वापरतात. वेळेचा शब्द आला की हा काळ वर्ज्य, हे बंधन इंग्रजीने स्वतःवर घालून घेतलेले आहे. आपल्या विचारात काही खोट आहे असे मानून खचणाऱ्या विद्यार्थ्याला ही माहिती मोठा आधार देते, आणि मला ती पुस्तिकेच्या पहिल्या भागातच यायला हवी आहे.

दुसऱ्या बाजूने होणारी चूक कमी चर्चिली जाते. मराठीत साधा भूतकाळ जिथे अगदी नैसर्गिक असतो, अशा अनेक ठिकाणी इंग्रजीत, विशेषतः ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत, प्रेझेंट परफेक्ट अपेक्षित असतो. बंद दारापुढे उभा राहून खिसे चाचपणारा माणूस मराठीत ‘किल्ली हरवली’ असे म्हणतो, ‘हरवली आहे’ म्हणेलच असे नाही. इंग्रजीत तोच माणूस ‘आय हॅव लॉस्ट माय की’ म्हणतो, कारण किल्ली या क्षणी हाताशी नाही, हाच त्याच्या बोलण्याचा मुद्दा आहे. बाहेर पाहून ‘पाऊस थांबला’ म्हणणे आणि ‘द रेन हॅज स्टॉप्ड’ म्हणणे यांतही तेच नाते आहे. किल्ली नंतर सापडली आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी हकीकत सांगू लागला, तर मात्र ‘आय लॉस्ट माय की यस्टरडे’.

तात्पर्य असे की, मराठी वाक्यात ‘आहे’ दिसले म्हणून ‘हॅव’ घालावे आणि दिसले नाही म्हणून गाळावे, ही युक्ती दोन्ही दिशांनी फसते. विद्यार्थ्याने मराठी क्रियापदाच्या रूपाकडे न पाहता प्रसंगाकडे पाहावे, याच हेतूने पुस्तिकेतील सर्व स्वाध्याय रचायचे. ‘पुढील वाक्यांचे इंग्रजीत भाषांतर करा’ हा प्रकार या पुस्तिकेत नसेल; त्याऐवजी प्रसंग दिला जाईल आणि त्या प्रसंगी माणूस काय म्हणेल, असे विचारले जाईल.

२० जानेवारी २०२५

वेळदर्शक शब्दांचे पान तयार केले. ‘यस्टरडे’, ‘अगो’, ‘लास्ट वीक’, ‘इन १९७२’, ‘व्हेन आय वॉज अ चाइल्ड’ हे काळखंड बंद करणारे. ‘सो फार’, ‘अप टू नाऊ’, ‘येट’, ‘इन द लास्ट टू इयर्स’ हे तो आतापर्यंत आणणारे. ‘लास्ट इयर’ आणि ‘इन द लास्ट इयर’ यांतील फरक ठळक दाखवला आहे, कारण एका ‘इन द’ने काळ बदलतो : पहिल्याचा अर्थ मागचे संपलेले वर्ष, दुसऱ्याचा अर्थ आजपासून मागे मोजलेले वर्षभर.

‘धिस मॉर्निंग’ हा शब्दप्रयोग स्वतंत्र चौकटीत ठेवला. सकाळीच विचारायचे असेल तर ‘हॅव यू सीन हिम धिस मॉर्निंग?’ आणि दुपार उलटल्यावर विचारायचे असेल तर ‘डिड यू सी हिम धिस मॉर्निंग?’ शब्द तोच, घड्याळ पुढे गेले आणि काळ बदलला. मूळ प्रश्न समजला आहे की केवळ शब्दांची यादी पाठ केली आहे, हे तपासायला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

‘व्हेन’ने सुरू होणाऱ्या प्रश्नाची सूचनाही इथेच. वेळ विचारणे म्हणजे बंद काळखंडातला क्षण विचारणे. म्हणून ‘व्हेन हॅव यू कम?’ नव्हे, तर ‘व्हेन डिड यू कम?’

२३ जानेवारी २०२५

आज ‘सिन्स’ आणि ‘फॉर’.

मराठी बोलणाऱ्यांच्या इंग्रजीत ‘आय ॲम वेटिंग सिन्स टू अवर्स’ हे वाक्य इतके पक्के बसलेले आहे की, ते सुटायला वेळ लागतो. त्यात दोन स्वतंत्र गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत, आणि त्या वेगळ्या करून शिकवल्या तरच सुटतात. पहिली गोष्ट काळाची. पूर्वी सुरू होऊन अजून चालू असलेली क्रिया मराठी वर्तमानकाळात ठेवते : ‘मी दोन तासांपासून वाट पाहत आहे’, ‘मी तिला लहानपणापासून ओळखतो’. मराठीच्या दृष्टीने क्रिया आता चालू आहे, एवढे पुरेसे आहे. इंग्रजीला मात्र क्रिया मागून इथपर्यंत आल्याचे क्रियापदातच दाखवावे लागते, म्हणून ‘हॅव बीन वेटिंग’ आणि ‘हॅव नोन’. दुसरी गोष्ट शब्दयोगी अव्ययाची. मराठीत ‘दोन वाजल्यापासून’ आणि ‘दोन तासांपासून’ या दोन्ही ठिकाणी ‘पासून’च येते; इंग्रजी आरंभाच्या बिंदूला ‘सिन्स’ आणि लांबीला ‘फॉर’ लावते. ‘सिन्स टू ओ’क्लॉक’, पण ‘फॉर टू अवर्स’.

उदाहरणासाठी व्हॉयेजर १ हे अंतराळयान घेतले आहे, कारण त्याच्या तारखा निश्चित आहेत आणि त्याचा प्रवास अजून चालू आहे. ते ५ सप्टेंबर १९७७ रोजी पृथ्वीवरून निघाले आणि ऑगस्ट २०१२ मध्ये त्याने आंतरतारकीय अवकाशात प्रवेश केला. या दोन घटना तारखांसह सांगायच्या असल्याने ‘लेफ्ट’ आणि ‘एन्टर्ड’ असा सिम्पल पास्ट. प्रवास मात्र ‘इट हॅज बीन ट्रॅव्हलिंग सिन्स १९७७’ किंवा ‘फॉर मोअर दॅन फॉर्टी इयर्स’. एकाच यानाच्या चार वाक्यांत या प्रकरणाचा सगळा आशय येतो. नकारार्थी वापरासाठी पुन्हा चंद्राकडे वळलो : ‘नो वन हॅज वॉक्ड ऑन द मून सिन्स १९७२’. इथे १९७२ हे साल आले तरी प्रेझेंट परफेक्टच योग्य आहे, आणि ‘इन १९७२’ असते तर तो चुकला असता. साल दिसले की सिम्पल पास्ट, असे आंधळे समीकरण करणाऱ्याला इथे थांबून विचार करावा लागेल, आणि तो त्याने करावा म्हणूनच हे वाक्य स्वाध्यायात ठेवले आहे.

‘सिन्स’नंतर पूर्ण उपवाक्य आले तर त्यात बहुधा सिम्पल पास्ट येतो : ‘आय हॅव नोन हर सिन्स वी वेअर चिल्ड्रन’. मुख्य वाक्य आतापर्यंत चालत आलेले, आरंभबिंदू मात्र मागे राहिलेला.

३० जानेवारी २०२५

कच्चा खर्डा वाचायला दिलेल्यांपैकी एकाने नोकरीच्या मुलाखतीच्या तयारीसाठी लिहिलेला परिच्छेद वापरण्याची परवानगी दिली. तो पुस्तिकेत वाक्यावाक्याने उलगडून दाखवणार आहे, म्हणून इथे जसाच्या तसा उतरवतो.

‘आय हॅव जॉइन्ड धिस ऑफिस इन २०१९. आय ॲम वर्किंग हिअर सिन्स सिक्स इयर्स. बिफोर दॅट आय हॅव वर्क्ड इन अ लायब्ररी. इन धिस जॉब आय हॅव लर्न्ट मेनी थिंग्ज. लास्ट मंथ आय हॅव कम्प्लीटेड अ ट्रेनिंग कोर्स.’

पहिल्या वाक्यात २०१९ हे साल रुजू होण्याच्या क्षणाला चिकटलेले आहे आणि रुजू होणे एकदाच घडते; ‘आय जॉइन्ड’. दुसऱ्यात आधीच्या नोंदीतील दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत. ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर सिक्स इयर्स’, किंवा ‘आय हॅव वर्क्ड’. तिसरे वाक्य विशेष पाहण्यासारखे आहे, कारण त्यात कोणतीही तारीख नाही. तरीही ‘बिफोर दॅट’ या शब्दांनी ग्रंथालयातील नोकरीचा काळखंड २०१९ च्या अलीकडे येऊ न देता बंद केला आहे, म्हणून ‘आय वर्क्ड’. हेच वाक्य ‘बिफोर दॅट’ काढून, केवळ आपल्या अनुभवाची माहिती म्हणून सांगितले असते, तर ‘आय हॅव वर्क्ड इन अ लायब्ररी’ हे अगदी योग्य ठरले असते. मुलाखतीत पहिल्यांदा ओळख करून देताना तर तेच अधिक शोभते.

चौथे वाक्य बरोबर आहे. नोकरी चालू आहे, शिकणे त्या नोकरीच्या आतले आहे. लिहिणाऱ्याने हे वाक्य का बरोबर आहे असे विचारले, याचे मला विशेष समाधान वाटले, कारण आपले बरोबर आलेले वाक्य योगायोगाने आले की समजून, हे जाणून घ्यायची इच्छा असलेला माणूस पुढे स्वतःच्या बळावर जातो. याच माणसाने ती नोकरी सोडली आणि नंतर तिच्याविषयी सांगितले, तर ‘इन दॅट जॉब आय लर्न्ट मेनी थिंग्ज’ होईल. ‘धिस’चे ‘दॅट’ झाले की काळही बदलला. पाचव्या वाक्यात ‘लास्ट मंथ’ असल्याने ‘आय कम्प्लीटेड’. मात्र महिना न सांगता केवळ प्रशिक्षण पूर्ण असल्याची पात्रता सांगायची असेल, तर ‘आय हॅव कम्प्लीटेड अ ट्रेनिंग कोर्स’.

उमेदवाराच्या दृष्टीने हा शेवटचा मुद्दा फार उपयोगाचा आहे. आपल्याकडे आज काय आहे ते सांगायला प्रेझेंट परफेक्ट, आणि ते केव्हा व कसे मिळवले ते सांगायला सिम्पल पास्ट.

५ फेब्रुवारी २०२५

वरच्या परिच्छेदातून पुढचे प्रकरण आपोआप निघाले. आतापर्यंतचे सर्व नियम एकेका वाक्याचे होते. बोलणे मात्र एका वाक्यावर थांबत नाही. इंग्रजीत नवी गोष्ट बहुधा प्रेझेंट परफेक्टने पुढे ठेवली जाते आणि तपशील सुरू झाला की लगेच सिम्पल पास्ट येतो. ‘द मिनिस्टर हॅज रिझाइन्ड. शी हँडेड इन हर लेटर धिस मॉर्निंग अँड लेफ्ट द बिल्डिंग विदाउट स्पीकिंग टू रिपोर्टर्स.’ बातमीचे हे वळण कोणत्याही इंग्रजी वृत्तपत्रात दिसते. साध्या संभाषणातही तसेच : ‘हॅव यू एव्हर स्पोकन इन पब्लिक?’ ‘येस, आय हॅव.’ ‘व्हेअर डिड यू स्पीक?’ पहिला प्रश्न आयुष्यभरातल्या अनुभवाचा आहे. तो अनुभव हाती लागल्यावर दुसरा प्रश्न त्या विशिष्ट प्रसंगात शिरतो.

आपल्या विद्यार्थ्यांची अडचण अशी की, एकदा ‘हॅव’ने सुरुवात केली की ते शेवटपर्यंत ‘हॅव’ सोडत नाहीत. ‘आय हॅव सीन दॅट फिल्म. आय हॅव सीन इट विथ माय ब्रदर. वी हॅव लाइक्ड इट.’ पहिले वाक्य बरोबर असल्यामुळे पुढची दोन चुकीची आहेत हे ऐकणाऱ्याला जाणवते, पण सुधारणाऱ्याला चटकन सांगता येत नाही. या प्रकरणात स्वाध्याय म्हणून केवळ पहिले वाक्य दिले आहे. त्यानंतर कोणाबरोबर, कुठे, केव्हा आणि काय वाटले, हे विद्यार्थ्याने पुढे लिहावे, आणि प्रत्येक वेळी काळ बदलल्याची खात्री करावी. माझ्या मते संपूर्ण पुस्तिकेतील हा सर्वांत जास्त करून घेण्याजोगा सराव आहे, कारण वाचणारा यातून वाक्य सोडून बोलणे शिकू लागतो.

१० फेब्रुवारी २०२५

लहान कामे उरकली. ‘गो’ची दोन रूपे : ‘शी हॅज गॉन टू द लायब्ररी’ म्हणजे ती तिकडेच आहे, ‘शी हॅज बीन टू द लायब्ररी’ म्हणजे जाऊन परत आली. तिसऱ्या रूपांची संपूर्ण यादी दिली नाही. ती सर्वत्र मिळते. दुसरे आणि तिसरे रूप वेगळे असणारी, रोजच्या वापरातली क्रियापदे तेवढी घेतली : ‘वेन्ट’ आणि ‘गॉन’, ‘सॉ’ आणि ‘सीन’, ‘डिड’ आणि ‘डन’, ‘रोट’ आणि ‘रिटन’. ‘केम’चे तिसरे रूप पुन्हा ‘कम’ होते, याकडे लक्ष वेधले. वाचणे या अर्थाच्या क्रियापदाचे इंग्रजी लेखन तिन्ही रूपांत एकच राहते, उच्चार मात्र रीड, रेड, रेड असा होतो. देवनागरीत लिहिल्यावर तो फरक डोळ्यांना दिसतो, हा आपल्या लिपीचा फायदा इथे घेतला आहे.

ऐकण्याविषयी एक टीप : बोलण्यात ‘ही हॅज’ आणि ‘ही इज’ दोन्ही आखडून ‘हीज’ होतात. पुढे ‘बीन’ आले तर तो ‘हॅज’ असतो, ‘गोइंग’ आले तर ‘इज’. ‘आय हॅव’चे ‘आयव्ह’ झाले की शेवटचा ‘व्ह’ इतका हलका ऐकू येतो की, शिकणाऱ्याला तो नाहीच असे वाटते, आणि मग ‘आय सीन’, ‘आय डन’ असे लिहिण्याची सवय लागते.

१४ फेब्रुवारी २०२५

‘हॅव बीन’ अधिक ‘आयएनजी’ या रूपाला स्वतंत्र प्रकरण द्यायचे की नाही, यावर विचार केला आणि अर्ध्या पानावर भागवले. ‘आय हॅव रेड युअर रिपोर्ट’ म्हणजे वाचून झाला, आता त्यावर बोलता येईल. ‘आय हॅव बीन रीडिंग युअर रिपोर्ट’ म्हणजे इतका वेळ त्यातच होतो, संपला असेल किंवा नसेलही. किती वेळ चालले आहे यावर भर असेल तर दुसरे रूप, किती झाले यावर भर असेल तर पहिले : ‘आय हॅव बीन रायटिंग ऑल डे’, पण ‘आय हॅव रिटन फाइव्ह लेटर्स’. ‘नो’ या जाणण्याच्या क्रियापदाला मात्र ‘आयएनजी’ लावू नये. कितीही वर्षांची ओळख असली तरी ‘आय हॅव नोन हिम’च.

१९ फेब्रुवारी २०२५

उत्तरसूची करताना दोन ठिकाणी ‘हेच उत्तर बरोबर’ असे लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरले असते, म्हणून तिथे स्पष्टीकरण दिले.

पहिले ठिकाण ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’ आणि ‘येट’ यांचे. ब्रिटिश इंग्रजीत या शब्दांबरोबर प्रेझेंट परफेक्ट अपेक्षित असतो. अमेरिकन बोलण्यात ‘आय जस्ट ॲट’ किंवा ‘डिड यू फिनिश येट?’ असा सिम्पल पास्टही सर्रास ऐकू येतो. विद्यार्थी चित्रपटांतून आणि व्हिडिओंतून हे रोज ऐकत असतो. त्याला ते चूक म्हणून सांगितले, तर त्याचा पुस्तिकेवरचा विश्वास उडेल. परीक्षेत आणि औपचारिक लेखनात प्रेझेंट परफेक्ट ठेवावा, असा सल्ला देऊन दोन्ही रूपे मान्य केली. अर्थात ही मोकळीक या ठरावीक शब्दांपुरती आहे; ‘हॅव सीन हिम यस्टरडे’ला दोन्हीकडे मान्यता नाही.

दुसरे ठिकाण ‘शी हॅज लिव्ह्ड इन लंडन फॉर टू इयर्स’ या वाक्याचे. याचे दोन अर्थ होतात : दोन वर्षांपासून ती तिथे राहते आहे, किंवा आयुष्यात कधीतरी ती दोन वर्षे तिथे राहिली आहे. ‘फॉर टू इयर्स’ वाक्याच्या आरंभी नेले तर दुसरा अर्थ गळतो आणि ती आजही तिथे राहते एवढाच उरतो. ‘सिन्स’ घातले तरी हीच निश्चिती मिळते. हा भाग सूक्ष्म आहे, पण तो टाळावासा वाटला नाही. व्याकरण म्हणजे केवळ चूक टाळणे नव्हे, तर आपल्याला नेमके काय म्हणायचे आहे ते दुसऱ्यापर्यंत पोहोचवणे आहे, हे अशाच ठिकाणी कळते.

२५ फेब्रुवारी २०२५

प्रकरणांचा क्रम पक्का केला. चंद्राची दोन वाक्ये आणि काळखंडाचा प्रश्न प्रथम. मग मराठीशी तुलना. त्यानंतर वेळदर्शक शब्द, ‘सिन्स’ आणि ‘फॉर’, मुलाखतीचा परिच्छेद, आणि परफेक्टने सुरू करून पास्टने पुढे नेण्याचा सराव. रूपांची पाने शेवटी परिशिष्टात गेली. नेहमीच्या पुस्तकांत ती आरंभी असतात, पण रूप आधी हाती आले की विद्यार्थी ते कुठेही वापरून पाहू लागतो. कारण आधी कळले, तर रूप शोधत तो स्वतःच परिशिष्टापर्यंत जातो.

अंतिम स्वाध्यायासाठी कार्यालयीन पत्राचा एक मराठी नमुना ठेवला आहे. त्यात ‘प्राप्त झाला आहे’, ‘कळविण्यात आले आहे’, ‘अद्याप उत्तर मिळालेले नाही’ अशी वाक्ये आहेत, काही तारखांसह आणि काही तारखांविना. विद्यार्थ्याने पत्राचे भाषांतर करायचे नाही. प्रत्येक वाक्याच्या समासात काळखंड ‘बंद’ की ‘उघडा’ एवढेच लिहायचे, आणि त्यानंतरच त्या आशयाचे इंग्रजी पत्र स्वतः लिहायला घ्यायचे. तारीख असलेली पावती सिम्पल पास्टमध्ये जाईल, आणि ‘अद्याप उत्तर नाही’ हे ‘वी हॅव नॉट रिसीव्ह्ड अ रिप्लाय येट’ असे उघडेच राहील.

पास्ट परफेक्ट या पुस्तिकेत घेतलेला नाही. त्याला रायखेनबाख यांचे तिन्ही क्षण वेगवेगळे लागतात, आणि त्यासाठी स्वतंत्र पुस्तिकेची टिपणे वेगळ्या वहीत सुरू केली आहेत.